केदार हे क्रियापद

पुस्तक इंग्रजांसाठी लिहिलेलं.
गुस्तारपाशी आलं की त्याला घाम फुटतो:
हे क्रियापद उलटं चालतं म्हणे,
आवडणारी वस्तूच कर्ता होते, घाबरू नका.
जालन्यात, बियाणं कंपनीच्या मागल्या खोलीत
कूलरमध्ये पाणी ओतता ओतता मी हसले.
मला मिरची आवडते.
आवडते ती मिरची. मी नुसती 'मला'.
यात घाबरायचं काय?

तेनेरला मात्र अडखळले.
त्यांच्याकडे भूक असते, झोप असते,
वयसुद्धा असतं, खिशात सुटे असावेत तसं.
आपल्याकडे सगळं लागतं:
भूक लागते, ठेच लागते, एकतिसावं लागतं,
नोकरी लागते, आणि साहेब म्हणतात,
चिलीवाल्यांच्या मेल आता तुम्ही बघा, काकडे.

साबेर आणि कोनोसेर.
इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द,
म्हणून पुस्तकाने चार पानं खर्चलीत.
मला गफूरमामा पुरले.
जनुक म्हणजे काय, त्यांना माहीत नव्हतं.
पण चिमटा घेऊन शेडनेटमध्ये शिरले
की एकेक झाड ओळखायचे.
"ही उद्या फुलंल. ही रुसलीय.
हिला आज हात नको लावू, बाई."

हिमेना इथं दोन हंगाम होती.
कळी न दुखवता पुंकेसर कसे काढायचे
ते मामांनी तिला शिकवलं, एकमेकांची भाषा न येता.
जाताना एवढं मराठी घेऊन गेली:
काय करायलीस? जेवायलेय.
पुण्याच्या साहेबांनी सुधारून दिलं होतं, 'जेवते आहे'.
तिने ऐकलं नाही.
आता कळतं का ते.
एस्तोय कोमिएन्दो
ही जेवायलेयची सख्खी मावसबहीण.

आज तिची मेल आहे.
कंटेनरची तारीख, उगवणीचे टक्के,
आणि शेवटी: मामा कसे आहेत?
कोमो एस्ता.

नियम असा. सेर म्हणजे कायमचं.
एस्तार म्हणजे आत्तापुरतं:
ताप, थकवा, उघडं दार, गार झालेला चहा.
खाली बारीक अक्षरात अपवाद,
मेलेल्या माणसाला एस्तार लावावा.
कारण दिलेलं नाही.

लिहिते, एस्ता मुएर्तो.
वाचून बघते.
अंगात कणकण आहे, दोन दिवसांत उतरेल,
असं काहीतरी वाटतं.
खोडते. सेर घालून बघते.
पण ते चूक आहे, आणि चूक तर
मामांनी कधी खपवून घेतली नाही.

पानं उलटताना एक क्रियापद सापडतं, केदार.
आमच्या वॉचमनच्या पोराचं नाव!
अर्थ: उरणे.
राहणे.
कपडा अंगाला नीट बसणे.
भेटायची वेळ ठरवणे.
एवढं सगळं एकट्या केदारवर.

मग लिहिते:
हिमेना, मामा गेले. एस्तारच लावलाय,
पुस्तक तसंच म्हणतं.
पाच महिने झाले.
त्यांचं खाकी जाकीट उरलं.
थंडीत चार नंबरच्या शेडवर
कौसाबाई ते घालायची, तिला अगदी बसलं.
दोन्हीकडे केदार वापरलाय.
भेटायच्या वेळेचं मात्र काही ठरलं नव्हतं.
चुकलं असेल तर कळव.

इथं दुपारचा एक.
तिकडं अजून उजाडलं नसंल,
झोपायली असंल ती.
पाठवून देते.