बिजागरी

शालिमारला, झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर माझं दुकान.
दिवसभर मोबाइल येतात.
फुटक्या काचा, फुगलेल्या बॅटऱ्या.
लॅपटॉप आला की मी खुर्ची पुढे ओढतो.

खैरनारबाई सातपूरहून रिक्षानं आल्या,
पापडाच्या डब्यासारखा आडवा धरून.
डावी बिजागरी तुटलेली,
पडद्याला मागून उशी लागते म्हणे.
"हेमकांत म्हणतो टॅब घेऊन देतो, हे धूड कसाले?
अहिराणी त्याला तेवढीच येते."

आत एकच फाइल.
डावीकडे अहिराणी, उजवीकडे मराठी,
सहा हजार चारशे ओळी.
डोया, डोळा.
आंडेर, मुलगी.

मी म्हटलं, हे फोनवरही होतं हल्ली.
"फोनवर अंगठा चालतो," बाई म्हणाल्या.
"अंगठा माझ्या आईनं उठवला जन्मभर,
सोसायटीत, तलाठ्याकडे.
मला दहाही बोटं लागतात."

मग टेबलावरचा मोठा घ्या की.
"टेबल एकच आहे. त्यावर मिक्सर."

यावर मला काही सुचलं नाही.
तसं बिल मीही फोनवरच करतो.

साडेनऊशे झाले होते, आठशे घेतले.
बाकड्यावर मांडी घालून
बाईंनी तो मांडीवर मांडला,
तपासायला एक शब्द टाकला:
कसाले

आणि शेजारच्या रकान्यात
कर्सर नुसता लुकलुकत राहिला.
खाली झेरॉक्स चालू होतं, बाकडं थरथरत होतं.
"अर्थ घरी जाऊन लिहीन," म्हणाल्या.

पडदा उशीशिवाय उभा होता.