डावा जोडा

अप्पांच्या कात्रीला धार नव्हती.
रुंद पात्यांची, मनगट जाईल एवढ्या कड्यांची ती कात्री
नाम्वॉनच्या गल्ल्यांत नुसती वाजायची,
चल्-कट्, चल्-कट्, मग थोडं थांबून चकट्,
की पोरं घराघरांतून सुटायची
दाव्याला हिसडा दिलेल्या वासरांसारखी,
हाताला लागेल ते घेऊन.

पैसे कुणाकडेच नव्हते. लढाई संपून दोन हिवाळे झाले होते.
रिकामी बाटली, फुटकं पातेलं,
दांडा मोडलेला पितळी चमचा, काडतुसाची पुंगळी,
आजीच्या फणीत अडकलेला केसांचा गुंतासुद्धा
अप्पा घ्यायचे.
वस्तू तळहातावर तोलायचे, आभाळाकडे बघायचे,
मग पाटावरच्या योतवर छिन्नी टेकवून
कात्रीने टक्.
तुकडा केवढा पडेल त्याला नेम नव्हता.
"आज जास्त कसा?" "आज गुडघा दुखत नाही."
"मला कमी का?" "तू काल मला नकटा म्हणालास."

घरी ही गंमत नव्हती.
घरी जवाच्या मोडांचा आंबूस वास.
शिजल्या भातात ते मोड कालवून
आई कढईवर गोधडी पांघरायची,
तापातल्या माणसावर घालतात तशी.
पहाटे फडक्यातून पिळायचं. मग आटवायचं. मग आटवायचंच.
चुलीपुढे मी पेंगले तर गिल्सू दंडाला चिमटा काढायचा,
तो पेंगला तर मी.
तपकिरी गोळा हाताला सोसेल इतका निवला
की आई आणि अप्पा समोरासमोर बसायचे,
पायाच्या तळव्याला तळवा लावून,
आणि ओढायचे.
ओढून दुमडायचं, दुमडून ओढायचं,
तपकिरी उतरत जायचं, पांढरं चढत जायचं,
आत वारा शिरून बारीक बारीक बिळं पडायची.
दिवसभर एकमेकांशी न बोललेली ती दोघं
तेवढा वेळ एकाच दोराला धरून असायची.
भांडण कशाचं होतं, मला अजून माहीत नाही.

आम्हाला कढईची खरवड.
योतवाल्याची लेक मी, पण अख्खा तुकडा
नवव्या वर्षी खाल्ला,
तोही समोरच्या पोरीपेक्षा माझ्यात बिळं जास्त निघाली म्हणून,
पैजेत.

एका संध्याकाळी ढिगातून एक जोडा निघाला.
पुरुषाचा, पांढऱ्या रबराचा. डावा.
जोडा म्हणायचं, पण जोडी नव्हती.
घासून धुतलेला. आकार राहावा म्हणून आत चिंधी कोंबलेली.
आईने हात पुसले. उचलला नाही, नुसता पाहिला.
"हा टाकलेला नाही," म्हणाली. "हा ठेवलेला आहे."
अप्पांना पोर आठवेना.
शेंबडं होतं, म्हणाले.
ती तर सगळीच होती.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी जोडा पाठीवरच्या चौकटीला बांधला,
सगळ्यांना दिसेल असा,
आणि त्याच गल्ल्यांतून फिरले.
एक दिवस. दोन दिवस.
बाया बघायच्या आणि दार लोटायच्या.
त्या गावात एकट्या उरलेल्या जोड्यांची घरं
काही एकदोन नव्हती.

तिसऱ्या दिवशी भिंतीआड लघवीला गेले
नि परत आले, तर दोरी सुटलेली.
चौकटीवर जोडा नव्हता.
तिथे होता योतचा तुकडा,
चघळून गुळगुळीत झालेला, खिशातला कापूस चिकटलेला,
एका टोकाला दुधाच्या दातांच्या चार खुणा.
बाकी सगळा शिल्लक.

अप्पांनी तो घरी आणला, ताटात ठेवला.
कुणी काही बोललं नाही.
मग आई हसायला लागली. तोंडावर पदर धरावा तशी बाही धरून,
डोळ्यांत पाणी येईपर्यंत,
आणि अप्पाही.

तुकडा तिने धुतला
आणि नव्या कढईत टाकला.
वाया कशाला घालवायचा.

त्या रात्री चुलीपुढे मी मुळीच पेंगले नाही.
तो विरघळताना दिसतो का
ते बघत होते.