ऐंशी खोल, दोनशेदहा लांब

साइमी कोर्पेला दारातच म्हणाली,
बूट नंतर काढ, आधी माझे डोळे बघ.
मग खुर्चीत बसली पाठ टेकवून,
आणि मी टेप धरली तिच्या कपाळापाशी,
जन्मात पहिल्यांदाच
टेबलाआधी माणसाचं माप घेत.

जमिनीपासून डोळ्यांपर्यंत एकशे अठरा.
चष्मा दुहेरी, म्हणून पडदे दोन बोटं खाली.
तुझी बोटं नकोत, ती हसली,
त्यातलं एक अर्धंच आहे.
(तेहतीस वर्षांपूर्वी करवतीने नेलेलं.
केमियार्वीत सगळ्यांना ठाऊक.)

ती घरी बसून क्ष-किरण वाचते.
वर पार इनारीपर्यंत जिथे कुणी
बर्फावर आपटतं, स्लेजवरून पडतं, महिनाभर खोकतं,
त्यांची हाडं, त्यांची फुप्फुसं
तारेतून तिच्याकडे येतात.
डावीकडे मागच्या वर्षीचं, मधे आजचं,
उजवीकडे फक्त शब्द.
उजवा लहान चालेल का, मी विचारलं.
नाही, तो उभा हवा, ती म्हणाली.
वाईट बातमीला ओळी जास्त लागतात.

लांबी दोनशेदहा, खोली ऐंशी.
सत्तरवर नाक काचेला लागतं,
नव्वदवर अक्षरं पळतात.
हे आम्ही पुठ्ठे कापून, उभे करून, पाडून,
पुन्हा उभे करून ठरवलं.

लाकडाचा प्रश्न निघाला. मी बर्च म्हणालो,
आमच्याकडे पाळण्यापासून चमच्यापर्यंत बर्चच.
ती नको म्हणाली. बर्च उजेड परत फेकतो.
तिला उजेड गिळणारं काहीतरी हवं होतं.
शेवटी आल्डर. पॉलिश नाही,
डांबरतेलाचे तीन हात,
दर हातानंतर एक आख्खा दिवस,
आणि घरभर धुरकट सौनाचा वास.

खिडकीवर दोन संध्याकाळी गेल्या.
डिसेंबरात ती भिंतच, अंधाराचा एक चौकोन.
जूनमध्ये मात्र झोपत नाही बया,
रात्री दोनला थेट पडद्यावर येऊन बसते.
म्हणून पडद्यांना पाय नाही, हात लावले,
लोखंडी, कोपरात वळणारे,
उन्हाळ्यात सगळं बिऱ्हाड पंधरा अंश फिरवता यावं.

आणि वायरी. देवा, वायरी!
साठ मिलिमीटरच्या एका भोकातून
सगळ्या खाली उतरवायच्या.
टेबलाखाली उताणा पडून
जाळीच्या पन्हाळीत एकेक बसवताना वाटलं,
हे काम कुणी कधी बघणार नाही,
म्हणूनच नीट झालं पाहिजे.
मग वाटलं, खोटं आहे हे.
मांजर बघणार. मांजर रोज बघणार.

गुरुवारी पडदे लागले.
मला एखादं हाड बघायचं होतं, कुणाचंही.
तिने मान हलवली.
ते ज्याचं त्याचं आहे.
त्याऐवजी लावली तपासणीची पट्टी,
काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करडे चौकोन.
किती दिसतात?
अकरा, मी मोजून म्हणालो.
अठरा आहेत. चिडवलं नाही तिने,
नुसता खोलीतला दिवा मालवला. आता?
तेरा. कदाचित चौदा.
थांब, म्हणाली,
डोळ्यांची अंधाराशी ओळख होऊ दे.
कॉफी गार होईपर्यंत आम्ही तसेच बसलो,
कोपरं आल्डरवर टेकून.

निघालो तेव्हा दोन वाजून गेले होते
आणि दिवस संपत आलेला.
तळं, तळ्यावरचा बर्फ, बर्फावरची स्लेजची वाट,
पलीकडचा काठ, काठामागचं आभाळ.
चौपन्न वर्षं ह्या सगळ्याला मी
एकच रंग म्हणत आलो.
गाडी लगेच सुरू केली नाही.
सात मोजले.
मग पुलापाशी, हळू जाताना,
आठवा.