लांबट खूण

कॅसेटवर पेन्सिलीने एवढंच : कॉर्मक, स्वयंपाकघर, नोव्हेंबर.
साल नाही. सुरावटीचं नाव नाही.
त्याची बहीण डिम्फना म्हणते, नाव होतं,
पण ज्या शेजाऱ्याकडून ती उचलली
त्याच्याशी पुढे कुंपणावरून वाजलं,
तेव्हापासून कॉर्मक तिला नुसतं ‘ती’ म्हणायचा.

शनिवारी ‘ती’ वाजवायची आहे आम्हाला,
डोनेगलच्या त्या एका खोलीच्या पबमध्ये,
इथ्ना फिडलवर, मी गिटारवर.
इथ्नाचं बरं आहे, ती मागोमाग जाईल.
मला मात्र आधी घर सापडायला हवं :
षड्ज कुठे, चूल कुठे,
दमल्यावर ही बया टेकते कुठे.

पहिल्या भागात वाटतं, जी.
सगळं जीच्याच अंगणात, कोंबड्या, बादल्या, ऊन.
दुसरा भाग उघडतो आणि एकदम ए,
मागच्या दाराने वारा आत.
आणि शेवट?
शेवट ईवर, म्हणजे उंबऱ्यावर एक पाय ठेवून
पुन्हा पहिल्यापासून.
ती संपतच नाही, टेप संपते.

त्यात यंत्र जुनं, कदाचित पळणारं.
सगळंच अर्ध्या सुराने सरकलेलं.
की फिडलच उतरवून लावलेलं? कोण सांगणार.
तेवढ्यात इथ्ना म्हणाली, थांब, मागे घे. घंटा.
खरंच, तिसऱ्या फेरीत, गजाच्या आवाजाखाली,
संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा :
तीन, तीन, तीन.

सहा वाजता आम्ही चर्चच्या भिंतीशी,
फिडल कोटाच्या आत, भिजू नये म्हणून.
घंटा झाली. इथ्नाने तार छेडली,
मान हलवली, परत छेडली.
लोरकन किल्ल्या खुळखुळवत आला :
कसली मोजमापं चाललीत?
तडा गेला म्हणून घंटा उतरवली, त्याला झाली वीस वर्षं.
हा कर्णा आहे. आवाज डब्लिनहून मागवलाय,
पेनड्राइव्हवर.

गाडीत दोघं पोटभर हसलो. मग कुणी बोललं नाही.

डिम्फनाने चहा ओतला.
कुठल्या सुरात वाजवायचा तो?
बूट काढून, म्हणाली.
मग उठली, कपाटावरून पेटी काढली
इतक्या हलक्या हाताने, की आत कुणी निजलंय.
तारा नव्हत्या. चार खुंट्या, आणि ती काळी पट्टी,
जिच्यावर त्याची बोटं साठ वर्षं चालली.

इथ्नाने ती दिव्याखाली तिरकी धरली.
खळगे. विहिरीच्या काठाला दोराचे पडतात तसे.
डीच्या वाटेवर तिसऱ्या बोटाचा, चांगला खोल : जी.
झालं, म्हटलं मी, हेच घर.
आणि ए? इथ्नाने विचारलं.
ए तर मोकळ्या तारेचा. त्याला बोट लागत नाही.
ज्याला कधी हात लावावा लागला नाही
त्याची खूण कुठून पडणार?

मग तिने पट्टी जराशी फिरवली.
ए तारेवरची दुसऱ्या बोटाची जागा.
तिथे सी असतो, किंवा नखभर पुढे सी शार्प;
यावरच तर माझा सगळा निवाडा अडलेला.
तिथे दोन खळगे नव्हते.
एकच होता, लांबट, खारकेच्या बीसारखा,
या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा गुळगुळीत.
कुठे म्हणून तळ नाही.
इथ्नाने त्यात बोट ठेवलं, सरकवलं,
मागे आणलं. तिचं बोट त्यात हललं,
मोठ्या माणसाच्या चपलेत हलतं तसं.

शनिवारी त्या जागी मी दोनच तारा वाजवीन,
मधला सूर सोडून देईन.
तिथे काय व्हायचं ते तिचं तिने बघावं.

पेटी मिटताना डिम्फना म्हणाली,
कुंपण आमच्याच कॉर्मकने सरकवलं होतं.
वीतभर.
त्या सुरावटीचं नाव मात्र
तिनेही सांगितलं नाही.