दोन वायरी, एकच अर्थ

विश्राम तांडेल फाइल घेऊन आला तेव्हा
मी रे रोडच्या गाळ्यात डबा उघडला होता.
बोंबलाचं कालवण, भात. म्हटलं, बस.
बसला नाही.
फाइलमध्ये एकच कागद, प्लास्टिकच्या पिशवीत:
तपासणीत दोष आढळला नाही,
चालकाचा पाय चुकला असावा.

असावा, तो म्हणाला. असावा म्हणजे काय रे?
एकोणतीस वर्षं ह्याच पायावर घर चाललं.
फ्रीवेवर, वडाळ्याच्या उतारापाशी,
मी पाय काढला होता. ती पुढे पुढेच.
मागे पोटुशी बाई. कठड्याला घासत नेली
म्हणून थांबली.

स्कॅनर लावला. स्कॅनर खोटं बोलत नाही,
विचारलं तेवढंच सांगतो,
वकिलाने पढवलेल्या माणसासारखं.
कोड शून्य. हिरवा दिवा.

वडिलांच्या वेळी पेडलपासून इंजिनापर्यंत
एक केबल जायची. अडकली की पायाला कळायचं.
ग्रीसचं बोट फिरवलं की झालं.
आता पाय फक्त अर्ज करतो.
पेडलपाशी दोन सेन्सर, दोन साक्षीदार,
दोघांची जबानी जुळली तरच वरचा डबा ऐकतो,
नाही जुळली तर गाडी लंगडत घरी नेतो.
कुणीतरी शहाण्याने हे योजलं असणार,
एकट्या वायरीवर ज्याची झोप लागत नव्हती अशा.
मग दोघं एकदम कसे फिरतील?

तीन रात्री गाडी उघडून बसलो.
तिसऱ्या रात्री भरती होती,
दारूखान्याकडून खारट, ओला वारा,
मी सहज वायरिंग हलवलं
आणि मीटरवरचे दोन्ही आकडे
बरोबरीने वर चढले, जुळे भाऊ जिना चढावेत तसे.
पेडलला कुणी शिवलं नव्हतं.
इलियास चहाचा ग्लास धरून तसाच उभा.

कार्पेट उचललं. वायरिंग सोललं.
दोन अर्थ दोन वाटांनी जायला हवे होते.
कुणीतरी दोन्ही एकत्र पिळले होते,
एकच सांधा, वर टेप,
आत हिरवं, फुललेलं मीठ.
(आम्ही गॅरेजवाले अर्थिंगला अर्थच म्हणतो.
शाळेत मला अर्थ कधी लागला नाही,
इथे रोज लावतो.)
दोन साक्षीदार, आणि दोघे
एकाच मिठाला जागलेले.

टेप पिवळा होता.
शेवटचं टोक आत दुमडलेलं,
पुढे सोडवणाऱ्याला नख घालता यावं म्हणून.
ही वडिलांची सवय. नंतर माझी.
ह्या लायनीत दुसरं कुणी असं दुमडत नाही.
इलियासने ग्लास खाली ठेवला.

दोन वर्षांपूर्वी, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या,
रात्रीचे अकरा, दुकानं बंद,
तांडेलला पहाटे एअरपोर्टचं भाडं.
हातभर वायर कमी पडत होती.
मी म्हटलं, चालतंय.
आणि चालत होतं. सातशे दिवस चालत होतं.

सकाळी तो आला तोवर
नवी वायर घातली होती, दोन अर्थ वेगवेगळे.
बिलावर रकमेच्या जागी लिहिलं:
पायाचा दोष आढळला नाही.
त्याने वाचलं, मग परत वाचलं.
मग कोणाचा?

टेपचा तुकडा मी बिलावर ठेवला,
दुमडलेलं टोक त्याच्याकडे करून.

खूप वेळ हातोड्याचा आवाज येत राहिला, शेजारच्या गाळ्यातून.
तांडेलने उजवा पाय चपलेतून काढला,
लादीवर टेकवला, बोटं हलवून पाहिली.
मग बिल माझ्याकडे सरकवलं.
खाली सही कर, म्हणाला.
आणि तारीख घाल.
आजची नको. त्या रात्रीची.