एक फेरा

मेडिकलचं शटर ओढून, किल्ली दोनदा फिरवून
मी साखर पेठेच्या बोळात शिरते तेव्हा
नरसय्याचे चारही माग चालू असतात.
टॉवेलचे माग सरळ चालतात म्हणे.
नाही. तिसरा किंचित लंगडतो,
आणि आमची सगळी ओळख त्या लंगडण्यावर झाली.

अकरा वर्षांपूर्वी शांतवन गायकवाड, रेल्वेतून निवृत्त,
खिडकीशी थांबून म्हणाले,
"हा तिसरा झुलतोय की ओ. माझ्याकडे एक तबकडी आहे,
तीही अशीच झुलते. जॅझ म्हणतात त्याला."
नरसय्यानं माग न थांबवता विचारलं, "कधी आणता?"

तबकडी वाडी जंक्शनच्या एका गार्डनं बदली होताना दिलेली.
कव्हर फाटकं, नावं पाण्यानं गेलेली.
एक सॅक्सोफोन, मागं ड्रमवर फिरणारा ब्रश,
आणि एक जाडी तार, जी कानाला नाही,
तळपायाला ऐकू येते.

हिंदमाता बँडचा दस्तगीर पहिल्या दिवशी चिडला.
"हा आधी चाल सांगतो, मग स्वतःच मोडतो बे.
वरातीत असं केलं तर नवऱ्याचा बाप पैसे कापेल."
पुढच्या मंगळवारी
तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता.

दुसऱ्या बाजूला, चौथ्या मिनिटाला, एक ओरखडा.
सुई तिथं उडते. एक फेरा गायब.
मिनिटाला तेहतीस फेरे, म्हणजे पावणेदोन सेकंद जेमतेम;
मी गोळ्या मोजणारी बाई, मला हिशेब लागतो.
तेवढ्या जागेत काय असेल
यावर आम्ही अकरा वर्षं भांडलो,
कडक भाकरी मोडत, शेंगाचटणीची बोटं
तबकडीपासून लांब धरून.

शांतवन म्हणत, तिथं तो चढला असणार
पार देवळाच्या घंटेपर्यंत.
नरसय्या म्हणे, धागा तुटला असेल, गाठ मारली असेल,
बारीक, हाताला न लागणारी.
दस्तगीर सुई उचलून वाजवूनच दाखवायचा.
दर वेळी वेगळं. दर वेळी म्हणायचा, "आज सापडलं."

मी काही म्हणत नसे.
आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं, पहाटे तीनला.
हंडे भरताना त्या जागी
मी एक स्वर ठेवून बघायची. मग तो काढून दुसरा.

यंदा वैशाखात शांतवनांच्या भाच्यानं
मोबाइलला तबकडी नुसती ऐकवली, आणि तेच वादन
कुठूनसं निघालं. स्वच्छ. नावासकट.
तो नाव वाचणार तेवढ्यात
दस्तगीरनं हात वर केला. "नंतर."

नरसय्यानं चारही माग थांबवले.
शांतता कानाला दुखते हे तेव्हा कळलं.
तिसरं मिनिट. चौथं.
तो ओरखड्यापाशी आला

आणि तिथं काहीच नव्हतं.
श्वास घेतला त्यानं.
ब्रश फिरत राहिला. लांब कुणीतरी ग्लास ठेवला.
मग पुढचं सगळं, आम्हाला पाठ असलेलं.

"आवडलं नाही का?" भाच्यानं विचारलं.
शांतवन कोऱ्या टॉवेलनं चष्मा पुसत राहिले, बराच वेळ.
मग दस्तगीर हसायला लागला, मांडी थोपटत,
"दमला होता बे! तोपण दमतो!
मी बाळीवेशीच्या चढाला दमतो, सेम तसाच!"
डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.
नरसय्यानं मात्र ऐकलं नाही.
"गाठ आहे," म्हणाला, "चांगली गाठ दिसत नसते."
आणि तिसरा माग एकटाच सुरू केला.

तबकडी परत लावली.
सुई उडाली तेव्हा चौघांनीही श्वास घेतला, न ठरवता,
आणि पुढच्या सुराला सगळेच उशिरा पोचलो.
नाव विचारायचं राहूनच गेलं. भाचा पुण्याला गेला.

उद्या पाण्याचा दिवस. हंडे घासून ठेवलेत.
माझा स्वर
मी अजून कुणाला सांगितलेला नाही.