तीन फूट अकरा इंच

ऑर्वोक्की लाहतीने मला आधी सूप दिलं
मग शिव्या.
दोन्ही गरम.

डुलुथच्या बंदराकडे तोंड करून तिचं हॉटेल,
बाहेर अकरा टेबलं, वर सीडरच्या फळ्यांचं छत.
महामारीच्या वर्षी आत बसायची बंदी होती
तेव्हा नुसते चार खांब आणि निळी ताडपत्री.
ताडपत्री फाटली, पत्रा आला.
पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा
की लोक ऑर्डर ओरडून द्यायचे,
म्हणून तिचा दीर आर्मास
उन्हाळाभर खपला, एकेक फळी रंधून बसवली.
मग कडेने पारदर्शक पडदे. मग गॅसचे दोन हीटर.
बाहेरची अशी हळूहळू खोली झाली,
कुणी ठरवून केली नव्हती.

मी टेप ओढला. चौदा फूट.
"इथे स्प्रिंकलर लागतील."
"हे बाहेर आहे," ती म्हणाली.
"वारा येतो की नाही?"
येत होता.
"सीगल येते की नाही?"
आलीच होती एक, माझ्या पावावर डोळा ठेवून.
"मग?"

एकोणतीस वर्षं हेच काम करतो मी.
बाहेर कशाला म्हणायचं
ते कलमासकट पाठ आहे,
त्या दुपारी तोंडातून निघेना.
एवढंच म्हणालो,
तू आभाळ अडवलंस, ऑर्वोक्की.
जेवढं अडवलंस तेवढं पाणी
पाइपात घालून वर ठेव, बाकी काही मागत नाही.

"पाऊस काय," ती म्हणाली,
"कुणाच्या आगीची वाट बघत थांबलेला असतो?"

तिला सांगितलं नाही ते असं :
पलीकडच्या काठावर एक बार होता.
हीटर कलंडला, छत पेटलं,
आतले सगळे मिनिटात रस्त्यावर आले.
कडेच्या टेबलावरचे शेवटी उठले.
त्यांना वाटत होतं, आपण बाहेरच आहोत.

पुढच्या आठवड्यात डेल व्रानेश आला, पाइपवाला.
जानेवारीत इथे पाणी पाइपातच दगड होतं, म्हणाला,
म्हणून पाइपात हवा भरायची,
पाणी तळघरात उबेला, एका झडपेमागे.
हवा सुटली की पाणी धावतं.
खिशातून त्याने काचेची कुपी काढली,
करंगळीच्या पेराहून लहान,
आत तांबडा थेंब. तापली की फुटते.

ऑर्वोक्कीने ती तळहातावर घेतली,
माशाचं अंडं बघावं तशी उजेडात धरली.
"आणि ही फुटते कधी?"
"बहुतेक कधीच नाही," डेल म्हणाला,
आणि कागद पुढे केला.
अठरा हजार डॉलर.

आग लागल्यावर विहीर खणू नये
हे तिलाही कळत होतं.
पण आग नसताना खणलेल्या विहिरीचे हप्ते
ट्राउटच्या किती ताटल्यांत फिटतात
हा हिशोब तिने त्याच कागदाच्या पाठीवर केला,
आणि कागद घडी करून
डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सारला.

ऑक्टोबरात तिचा फोन. "ये, मोजून घे."

आर्मासने स्वतःच कापलं होतं.
भिंतीलगत एक पट्टी उरलेली, बाकी सगळं उघडं.
चार फुटांच्या आत असेल तर माझं काही म्हणणं नाही
हे तिने कुठून तरी शोधून काढलेलं.
टेप ओढला.
तीन फूट अकरा इंच.
"एक इंच तुझा," ती म्हणाली.

मग मला मधल्या टेबलावर बसवलं, मुद्दाम,
आणि भुरभुर सुरू झाली.
सूप आधी निवलं,
मग वाढायला लागलं.
सहीचा कागद कोटाखाली धरला
तरी शाईला पाय फुटलेच.
मी सीगलकडे बघत खात राहिलो.

आर्मास पट्टीखाली भिंतीला पाठ लावून उभा,
कापलेल्या फळ्या मोजत.
बोटीला लागतील, म्हणाला.
कुणाच्या बोटीला, ते मी विचारलं नाही.
त्याच्याकडे बोट नाही.